फलटणच्या उन्हात शुद्ध होणारे पाणी

पावसाळा लागला की सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जुलाब, टायफॉईड आणि काविळीचे रुग्ण वाढतात. ‘पाणी उकळून प्या’ हे आम्ही डॉक्टर प्रत्येकाला सांगतो. पण जिथे सरपणासाठी मैलभर चालावे लागते, तिथे हा सल्ला महाग पडतो. शिवाय चुलीचा धूर घरातल्या बाईच्याच फुप्फुसांत जातो.

यावर सातारा जिल्ह्यातील फलटणला एका अभियंत्याने काम केले आहे. डॉ. अनिल राजवंशी आयआयटी कानपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर. फ्लोरिडा विद्यापीठातून पीएचडी करून ते 1981मध्ये भारतात परतले आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांनी ग्रामीण ऊर्जेचे काम उभे केले. 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फलटण हा अवर्षणप्रवण तालुका. पाऊस कमी, ऊन भरपूर.

त्यांची पद्धत साधी आहे. पाणी सुती साडीच्या चार पदरांतून गाळायचे आणि सोलर हीटरच्या काचेच्या नळ्यांत भरून उन्हात तापवायचे. वीज लागत नाही, सरपणही नाही. संस्थेच्या प्रयोगांत 60 अंश सेल्सिअसला 15 मिनिटे किंवा 45 अंशांना 3 तास ठेवलेल्या पाण्यातले कोलिफॉर्म जिवाणू निष्प्रभ झाले. दुधाच्या पाश्चरीकरणाचेही तत्त्व हेच: तापमान कमी असेल, तर वेळ जास्त द्यायचा.

साडीचे गाळणेही क्षुल्लक नाही. बांगलादेशातील मतलब भागात जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. ही पाहणी 2003मध्ये प्रसिद्ध झाली. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात.

मात्र मर्यादा ध्यानात ठेवा. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू चिवट असतो. 60 अंशांना तो तासभरही तग धरू शकतो. म्हणून काविळीची साथ असेल, तर पाण्याला खळखळून उकळी आणून ती किमान एक मिनिट राहू द्यावी. क्षार आणि फ्लोराईड तर उन्हानेही जात नाहीत, उकळूनही नाहीत.

आपल्या गिरीज-वसईत जुलैमध्ये सूर्यदर्शन दुर्मीळ, पण घरोघरी गॅस आहे. तेव्हा विहिरीचे पाणी गाळून, उकळूनच प्यावे. गच्चीवरच्या सोलरचे गरम पाणी मात्र आंघोळीलाच ठेवा. त्याच्या टाकीत गाळ आणि गंज साचतो, ते पिण्यासाठी नाही.