नागपूर की हैदराबाद? मुलचेऱ्याच्या ओसरीवरून निवडीचा अभ्यास

पेटची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं होतं, "सर, चॉइस मॉडेल नेमकं काय असतं? सिनॉप्सिसमध्ये टाकलं तर चालेल का?" आधी एक सांगतो, मी अजून सर झालेलो नाही, चौथ्या वर्षाला अडकलेला पीएचडीचा विद्यार्थीच आहे. आणि 'टाकलं तर चालेल का' या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरी मे महिन्यात झालेल्या एका भांडणात आहे, म्हणून तेच सांगतो.

आमचं घर मुलचेऱ्याला, गडचिरोली जिल्ह्यात. शाळांना सुट्ट्या लागल्या की दरवर्षी तोच विषय निघतो. पोरांना घेऊन चार दिवस मोठ्या शहरात जायचं, तर नागपूरला की हैदराबादला? पुतण्याला चारमिनार आणि रामोजी फिल्म सिटी बघायची असते. वहिनीला सीताबर्डीवर खरेदी करायची असते. आई म्हणते, "नागपूरले काहून जाता? तिथं तर आपल्यापेक्षा जास्त ऊन." बाबा काहीच बोलत नाहीत, आणि शेवटी आम्ही नागपूरला जातो.

मी संशोधनाला लागल्यावर मला वाटलं, हा तर आयता विषय आहे. प्रश्नावली केली, पहिलाच प्रश्न टाकला: 'सुट्टीसाठी तुम्ही कोणतं शहर निवडाल? १) नागपूर २) हैदराबाद.' चाचणी म्हणून घरात आणि शेजारी फिरवली. ती प्रश्नावली फुकट गेली. का गेली, ते समजलं की निवडीचं शास्त्र अर्धं समजतं.

पण आधी एक जुनं आणि सोपं प्रतिमान बघू. १९३१ मध्ये विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने किरकोळ बाजाराच्या ओढीचा नियम मांडला. कल्पना न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरून घेतलेली. शहर जेवढं मोठं तेवढी त्याची ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. म्हणजे लोकसंख्येला अंतराच्या वर्गाने भागायचं, बस.

आता आकडे घालू. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर सुमारे २४ लाख, हैदराबाद सुमारे ६८ लाख. आमच्याकडे 'गाडी पकडायची' म्हणजे आष्टीमार्गे बल्लारशा गाठायचं. तिथून रेल्वेने नागपूर साधारण २१० किलोमीटर आणि सिकंदराबाद साधारण ३६५. लोकसंख्येत हैदराबाद २.८३ पट मोठं. अंतरात ते १.७४ पट लांब, आणि त्याचा वर्ग होतो ३.०२. २.८३ ला ३.०२ ने भागा, ०.९४ येतात. म्हणजे नागपूरची ओढ १०० धरली तर हैदराबादची ९४.

हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी कागद उलटून परत केलं. जवळजवळ बरोबरी! दोन्ही ओढी समान होतात ती जागा रेल्वेमार्गावर नागपूरपासून सुमारे २१५ किलोमीटरवर येते, म्हणजे बल्लारशाच्या जेमतेम पाच किलोमीटर पुढे. आमच्या घरचं भांडण दरवर्षी सुटत का नाही, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

एवढ्यावर प्रबंध लिहायला बसू नका. रायलीने हा नियम दुकानदारीसाठी काढला होता. त्याला भाषा कळत नाही, राज्याची सीमा कळत नाही आणि घरात कोणाचा शब्द चालतो तेही कळत नाही. शिवाय लोकसंख्येचा आकडा म्हणजे पुतण्याला हवा असलेला चारमिनार नव्हे. गणित ५२-४८ म्हणतं आणि आम्ही दरवर्षी नागपूरलाच जातो. हा फरक कुठून येतो? संशोधनाचा प्रश्न इथे सुरू होतो.

दुसरं प्रतिमान डॅनियल मॅकफॅडन यांचं, ज्यासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (जेम्स हेकमन यांच्यासोबत विभागून). यात शहराऐवजी माणसापासून सुरुवात होते. प्रत्येक पर्यायातून माणसाला काहीएक उपयोगिता मिळते. तिचा एक भाग आपल्याला मोजता येतो: भाडं, प्रवासाचे तास, राहण्याची सोय, ऊन. दुसरा भाग दिसत नाही. तो यादृच्छिक धरायचा, आणि मग 'अमुक माणूस हैदराबाद निवडेल' असं न म्हणता 'निवडण्याची शक्यता इतकी' असं म्हणायचं. याचं सर्वांत वापरातलं रूप म्हणजे लॉजिट. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बार्ट रेल्वेसाठी मॅकफॅडन यांच्या प्रतिमानाने ६.३ टक्के प्रवासी येतील असा अंदाज दिला होता. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता, आणि प्रत्यक्षात आले ६.२ टक्के. हे उदाहरण व्हायव्हात विचारतात, लक्षात ठेवा.

याच प्रतिमानाची एक खोड 'लाल बस–निळी बस' नावाने प्रसिद्ध आहे. आपल्याकडे लालपरी असल्यामुळे ती समजायला सोपी जावी. समजा नागपूर आणि हैदराबाद यांची शक्यता ५०-५० आहे. आता मी प्रश्नावलीत हैदराबादचे दोन पर्याय केले, 'हैदराबाद, रेल्वेने' आणि 'हैदराबाद, ट्रॅव्हल्सने'. साधं लॉजिट तिघांना ३३-३३-३३ वाटून देईल. म्हणजे एकाही माणसाचं मन न बदलता हैदराबाद ५० वरून ६७ वर गेलं, फक्त मी एक ओळ वाढवली म्हणून! एकमेकांसारखे पर्याय एका गटात घालून आधी शहर, मग वाहन अशी पायरीपायरीने निवड मांडली की हा घोटाळा बराच कमी होतो. पण तुमच्या पर्यायांची यादीच उत्तर घडवते, हे विसरू नका.

आता माझी फसलेली प्रश्नावली. शेजारच्या काकी बंगाली आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना मुलचेरा-चामोर्शी भागात वसवलं, त्यांच्यातलं त्यांचं कुटुंब. कागद बघून म्हणाल्या, "यात कोलकाता कुठे आहे?" त्यांचे नातेवाईक तिकडे, सुट्टी म्हटली की त्यांच्या डोक्यात हावडा. मी दोनच शहरं ठेवली होती, कारण *माझ्या* घरात दोनच शहरांवर भांडण होतं. पर्यायांचा संच संशोधकाचा होता, उत्तर देणाऱ्याचा नव्हता.

दुसरी चूक याहून मोठी होती. आमच्या घरातल्या बहुतेकांनी हैदराबादवर टिक केली. गेलो मात्र नागपूरला. माणूस जे सांगतो ती सांगितलेली पसंती आणि जे करतो ती उघड झालेली पसंती. पुस्तकात हे दोन वेगळे प्रकरणं असतात, पण आमच्या ओसरीवर ते एकाच संध्याकाळी बाजूबाजूला बसले होते. मग मी बाबांना विचारलं, नागपूरच का? ते सहज म्हणाले, "काकाच्या डोळ्याची तपासणी आहे ना. त्याच खेपेत पोट्टे महाराजबाग पाहून घेतीन."

म्हणजे ती 'सुट्टी' नव्हतीच. दवाखाना, हायकोर्टाच्या खंडपीठातली तारीख, आयुक्तालयातलं काम, हे सगळं नागपूरला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजांचं विद्यापीठही नागपूरलाच होतं. एका खेपेत दोन कामं होत असतील तर नागपूरचं भाडं कामाच्या खात्यात जातं आणि फिरणं जवळपास फुकट पडतं. हैदराबादला मात्र सगळा खर्च फिरण्याच्याच नावावर. रायलीच्या ५२-४८ चं पारडं एवढं का झुकतं, त्याचं निम्मं तरी उत्तर मला इथे सापडलं.

आता यात धोका काय आहे बघा. उद्या कोणी फक्त तिकिटं मोजली तर निष्कर्ष निघेल की या भागातल्या लोकांना हैदराबादची ओढ नाही, तिकडे बस वाढवायची गरज नाही. बस नाही म्हणून कोणी जात नाही आणि कोणी जात नाही म्हणून बस नाही, असं ते चक्र फिरत राहील. उलट नुसती माझी प्रश्नावली मोजली तर सगळे हैदराबादला निघालेले दिसतील. दोन्ही आकडे खरे असतील, दोन्ही निष्कर्ष चुकीचे.

आणखी एक गोष्ट मी नंतर धरली. अहेरीजवळ प्राणहितेवर पूल झाल्यापासून तेलंगणात उतरून कागजनगर स्टेशन गाठता येतं. ते बल्लारशाच्या दक्षिणेला साधारण ७० किलोमीटरवर, म्हणजे रायलीच्या त्या समान ओढीच्या जागेच्या बरंच पलीकडे, हैदराबादच्या बाजूला. कोणतं शहर हे ठरण्याआधी कोणतं स्टेशन हेच ठरलेलं असतं. आमच्या घरी तो विचारही होत नाही. पर्याय रस्त्यावर आला, पण अजून डोक्यात आलेला नाही.

तर 'टाकलं तर चालेल का'? चालेल, पण आधी आठवडाभर लोकांत बसून त्यांचे पर्याय त्यांच्या तोंडून लिहून घ्या. मी पहिला प्रश्न काढून टाकला. आता प्रश्नावली अशी सुरू होते: 'गेल्या वेळी घरातले सगळे मिळून बाहेरगावी कुठे गेलात? त्याच खेपेत आणखी कोणतं काम होतं? जायचं ठरवून कुठे जाणं राहून गेलं, आणि कशामुळे?'

शेवटच्या प्रश्नाला आईने उत्तर दिलं, "हैदराबाद. तुह्या पहिलीपासून."