डिझेलचा धूर आणि श्वासमार्गाचा दाह

ट्रॅक्टर, मळणी यंत्र व डिझेल पंप यांच्या धुरातील काजळीचे बहुतांश कण २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. नाकातील केसांना चुकवून ते फुफ्फुसात खोलवर पोहोचतात. तेथील भक्षक पेशी ते गिळतात. पण त्यांना ते पचविता येत नाहीत. कणांवरील रसायनांमुळे पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, इंटरल्युकिन-८ सारखे संदेशवाहक रेणू स्रवतात आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशी श्वासनलिकेच्या अस्तरात शिरतात. हाच दाह होय.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ निरोगी व्यक्तींना विरळ केलेल्या डिझेलच्या धुरात एक तास ठेवण्यात आले. सहा तासांनी त्यांच्या श्वासमार्गात दाहक पेशी वाढलेल्या आढळल्या. फुफ्फुसाच्या नेहमीच्या चाचण्यांत मात्र काहीही बदल दिसला नाही. म्हणजेच, धाप लागत नाही म्हणून इजा झाली नाही, असे समजणे योग्य नव्हे.

यास्तव पंप बंदिस्त खोलीत चालवू नये, मळणीच्या वेळी धूर अंगावर येणार नाही अशा बाजूस उभे राहावे आणि इंजिनाचा एअर फिल्टर वेळोवेळी स्वच्छ करावा. दम्याचे रुग्ण व लहान मुले यांना यंत्रापासून दूर ठेवावे. तोंडावर बांधलेल्या साध्या रुमालावर विसंबू नये. इतके सूक्ष्म कण त्याने पुरेसे अडत नाहीत.