केबल दोन, वेग मात्र एकाचाच!

घरातले फोटो आणि व्हिडिओ एकत्र ठेवणाऱ्या स्टोरेज सर्व्हरचा वेग वाढावा म्हणून अनेकजण तो स्विचला दोन केबलनी जोडतात. याला ‘लिंक ॲग्रिगेशन’ म्हणतात. तरीही १ गिगाबिटच्या पोर्टवर फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपासच राहतो. हा बिघाड नव्हे. डेटाचे तुकडे मागेपुढे पोहोचू नयेत म्हणून एक प्रवाह एकाच केबलमधून पाठवला जातो. फायदा दिसतो तो अनेक संगणक एकाच वेळी सर्व्हर वापरतात तेव्हा.

जोडणीच होत नसेल, तर आधी स्विच पाहा. सेटिंगची सोय नसलेल्या साध्या स्विचवर ‘एलएसीपी’ चालत नाही. सर्व्हर आणि स्विच दोन्हीकडे एकच पद्धत निवडा. केबलही स्विचवर गट केलेल्या पोर्टमध्येच लावा. मग एखादी बिनमहत्त्वाची मोठी फाइल कॉपी करत एकेक केबल आळीपाळीने काढून बघा. काम थांबले नाही, तर जोडणी पक्की समजा.

एकाच संगणकाला जास्त वेग हवा असेल, तर दोन्हीकडे २.५ गिगाबिटचे पोर्ट घेणे सोपे. आणि लक्षात ठेवा, दुसरी केबल म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली तर फोटो वाचवते ती वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रतच.