जळालेलं कार्ड, नवी फाइल

सकाळी ९.३०
भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या गल्लीत मिस्त्रींचं शटर वर जातं. शेजारच्या कारखान्यात मागांची खडखड चालू आहे, त्यामुळे इथं सगळे जरा मोठ्यानंच बोलतात. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, स्कॅनर आणि आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप.

१०.१५
एक जॉबर रॅपिअर मागाचं कार्ड घेऊन येतो. बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारं कार्ड. ब्रेकच्या कॉइलचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय आणि त्याखालचा बोर्ड जळून काळा पडलाय.

"नुसते पार्ट बदलून भागणार नाही," मिस्त्री म्हणतात. "कोळशातून करंट जातो. बोर्डच नवा करावा लागेल."

मशीन सेकंडहँड, त्याचं कार्ड बाजारात मिळत नाही. माग कालपासून बंद. कारागिराला मजुरी मीटरवर मिळते, म्हणजे तीही बंद.

११.००
चहा येतो. मिस्त्रींचा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. आज सुट्टी म्हणून तो लॅपटॉपवर.

"मामा, बोर्डाची आकृती काढायला ईगल सॉफ्टवेअर टाकू? कॉलेजात शिकवलंय."

"बोर्ड मोजलास का?"

सोळा बाय दहा, म्हणजे १६० चौरस सेंटिमीटर. फुकटच्या ईगलला ८० चौरस सेंटिमीटरची मर्यादा. शिवाय ७ जून २०२६ नंतर ईगल बंद, हे ईगलच्या ऑटोडेस्क कंपनीनं २०२३ मध्येच सांगून टाकलंय. ब्राउझरमधलं ईझीईडीए शिकायला सोपं. पण लाइट गेली की वायफाय जातं, आणि मिस्त्रींना फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये हवी.

मग कायकॅड. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला जाँ-पिएर शारास या शिक्षकानं सुरू केलं, २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेनं हातभार लावला. बोर्डाच्या आकाराची अट नाही, लायसन्सचे पैसे नाहीत. भाचा त्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवतो: साधी अक्षरं. मिस्त्री चष्मा लावून वाचतात. कंपनी राहो न राहो, ही फाइल उघडणार. मला तर निवडीचं हे एकच कारण पुरेसं वाटतं.

सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहायचं असेल तर पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, तेही मोफत. आज त्याची गरज नाही, सर्किट वर्षानुवर्षं चाललेलंच आहे.

दुपारी १२.००
पार्ट उतरवून बोर्ड स्कॅनरवर पालथा. कायकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून बोर्डाच्या खिडकीत असा फोटो मागे ठेवता येतो. तांब्याची बाजू खालची, म्हणून फोटो आडवा उलटवायचा. जळालेल्या जागी ट्रॅक दिसतच नाही. तिथं मिस्त्री मल्टिमीटरच्या पिना टेकवत जातात. "एलएम३५८ ची एक नंबर पिन, आउटपुट. ती या रेझिस्टन्सला." बीप. भाचा रेघ ओढतो.

२.००
डबे. भाकरी, मेथी.

२.३०
आकृतीची तपासणी. सॉफ्टवेअर एक चूक दाखवतं: आयसीच्या आठ नंबर पिनेला सप्लायच जोडलेला नाही. पुढे बोर्ड. ट्रॅकची रुंदी आपोआप ०.२ मिलिमीटर येते. मिस्त्री मान हलवतात. प्रिंट इस्त्रीनं तांब्यावर उतरवायची, त्यात एवढी बारीक रेघ टिकत नाही. सिग्नलला एक मिलिमीटर, ब्रेकच्या कॉइलला तीन.

४.४५
समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ग्लॉसी कागदावर लेझर प्रिंट, वीस रुपये. खालच्या थराची प्रिंट उलटी काढायची नसते. कागद तांब्यावर पालथा पडला की ती आपोआप बरोबर बसते. कॉपर प्लेट ऐंशी रुपयांची. घासणीनं घासून चकचकीत करायची, मग वरून कपड्यांची इस्त्री, पाच मिनिटं, कडांवर जास्त दाब. पाण्यात भिजवून कागद अंगठ्यानं चोळून काढायचा. दोन जागी रेघ तुटलीय. तिथं मार्कर.

५.३०
प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइड. ट्रे सारखा हलवत राहायचा. मिस्त्रींच्या नखांवरचे पिवळे डाग याचेच. उघडं तांबं विरघळतं, काळ्या रेघांखालचं राहतं. मग भोकं पाडायची, पार्ट बसवायचे, सोल्डर.

रात्री ८.१०
कारखाना. कार्ड बसतं, माग सुरू होतो. जॉबर बाण्याचा धागा कात्रीनं तोडतो. माग जागच्या जागी थांबतो. परत जोडतो, परत तोडतो. परत थांबतो.

मिस्त्री बाराशे सांगतात. कारखान्याचे सेठ मोजून देतात. "अशीच अजून चार मशीनं आहेत. एकेक कार्ड जादा करून ठेवा."

"त्यांचे सातशे प्रमाणे," मिस्त्री म्हणतात. "आकृती काढायची मजुरी आज झाली. आता नुसती प्रिंट काढायची."