ऋतुराजचं रायपूर

३ डिसेंबर २०२५ चा दिवस. नवा रायपूरचं भरगच्च स्टेडियम, समोर दक्षिण आफ्रिका, भारताची अवस्था २ बाद ६२. सलामीला खेळण्यात आयुष्य गेलेला ऋतुराज गायकवाड चौथ्या क्रमांकावर येतो आणि ८३ चेंडूंत १०५ धावा काढून परततो. १२ चौकार, २ षटकार. आंतरराष्ट्रीय वनडेतलं त्याचं हे पहिलं शतक!

गंमत पाहा, दुसऱ्या टोकाला कोण होतं? विराट कोहली. त्यानंही त्याच डावात १०२ केल्या आणि ते त्याचं ५३वं वनडे शतक ठरलं. एकाचं पहिलं आणि दुसऱ्याचं त्रेपन्नावं, एकाच भागीदारीत. ती भागीदारी होती १९५ धावांची. शतकाला ऋतुराजला ७७ चेंडू लागले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वनडेत त्याहून वेगवान भारतीय शतक फक्त युसूफ पठाणचं, २०११ मध्ये सेंच्युरियनला ६८ चेंडूंत केलेलं.

वेग एवढा, पण आरडाओरडा नाही. कव्हर ड्राइव्ह, पंच, मिडविकेटवरून अलगद उचललेला चेंडू. बॅट जोरात फिरवल्यासारखी दिसतच नाही. विराटच्या बाजूला उभं राहून त्याच्यापेक्षा भरभर धावा काढणं आणि तरी लोकांच्या नजरेत न खुपणं ही या पोराची खासियत. मला विचाराल तर आजच्या भारतीय फलंदाजांत डोळ्यांना सगळ्यात सुखावणारा खेळ त्याचाच आहे.

३५८ धावाही पुरल्या नाहीत

भारतानं ५ बाद ३५८ केल्या. एडन मार्करमनं ११० ठोकल्या आणि आफ्रिकेनं चार चेंडू राखून सामना मारला. ऋतुराजच्या कारकिर्दीत हे दुखणं वारंवार दिसतं. २८ नोव्हेंबर २०२३ ला गुवाहाटीत त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५७ चेंडूंत नाबाद १२३ केल्या. टी-ट्वेंटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक करणारा तो पहिला भारतीय. पहिले वीस-बावीस चेंडू धावेला चेंडू अशी चाल आणि मग एकदम धुलाई. शेवटच्या षटकात मॅक्सवेलच्या गोलंदाजीवर ३० धावा गेल्या. पण त्याच मॅक्सवेलनं नंतर नाबाद १०४ करून शेवटच्या चेंडूवर सामना ओढून नेला. २०२२ च्या विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यातही ऋतुराजचं शतक, १०८ धावांचं, आणि करंडक सौराष्ट्राकडे.

गुवाहाटीनंतर तीनच दिवसांनी, १ डिसेंबरला, हीच मालिका रायपूरला आली. ऋतुराजच्या ३२ आणि अमरावतीच्या जितेश शर्माच्या १९ चेंडूंत ३५ धावांनी हातभार लागला, भारत २० धावांनी जिंकला आणि मालिका खिशात आली. म्हणजे रायपूरनं त्याला जिंकवलंही आहे.

छत्तीसगडशी आधीचीच ओळख

रायपूरच्या शतकाच्या चार वर्षं आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, राजकोटला महाराष्ट्र आणि छत्तीसगड समोरासमोर आले होते. ऋतुराज नाबाद १५४! त्या विजय हजारे मोसमातले त्याचे पाच डाव असे : १३६, नाबाद १५४, १२४, २१, १६८. बेरीज ६०३. पाच डावांत चार शतकं, आणि तो २१ चा आकडा तिथं चुकून आल्यासारखा वाटतो.

आणखी एक योग. छत्तीसगडचा संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला २०१६-१७ च्या मोसमात. ऋतुराजचं रणजी पदार्पणही त्याच मोसमातलं. झारखंडविरुद्धच्या त्या पहिल्याच सामन्यात बोटाला मार बसला आणि पुढचे काही आठवडे बाहेर बसावं लागलं.

सहा चेंडूंत सात षटकार

२८ नोव्हेंबर २०२२, अहमदाबाद, विजय हजारेची उपांत्यपूर्व फेरी, समोर उत्तर प्रदेश. ४९ वं षटक डावखुरा फिरकीपटू शिवा सिंगचं. षटकात चेंडू सहा, पण एक नो-बॉल पडला आणि त्यावरही षटकार गेला. सात षटकारांच्या ४२ आणि नो-बॉलची एक, एका षटकात ४३ धावा. मुंबईच्या रवी शास्त्रीनं १९८५ मध्ये वानखेडेवर तिलक राजला सहा चेंडूंत सहा मारले, तेव्हा त्यापुढे काही असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

षटक सुरू झालं तेव्हा ऋतुराज १६५ वर होता, संपलं तेव्हा २०७ वर. द्विशतकही याच षटकात झालं. शेवटी १५९ चेंडूंत नाबाद २२०, त्यात १६ षटकार. महाराष्ट्राची एकूण धावसंख्या ३३०. म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश धावा एकट्याच्या! उरलेलं काम तुळजापूरच्या राजवर्धन हंगर्गेकरनं पाच बळी घेऊन केलं, हेही सांगायलाच हवं, कारण त्या दिवशी त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

पारगाव ते पिवळी जर्सी

गायकवाड मूळचे पुरंदर तालुक्यातल्या पारगाव मेमाणेचे. वडील डीआरडीओत, आई पालिकेच्या शाळेत शिक्षिका. २००३ मध्ये पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामना झाला. तिथं ब्रेंडन मॅक्युलमचे फटके पाहून या सहा वर्षांच्या पोराला क्रिकेटचं वेड लागलं. पुढे थेरगावची वेंगसरकर अकादमी.

आयपीएलमध्ये चेन्नईनं त्याला घेतलं ते २० लाखांच्या पायाभूत किमतीत. २०२० च्या मोसमात आधी करोना, मग सुरुवातीच्या डावांत दोन भोपळे. त्यानंतर सलग तीन अर्धशतकं. पुढच्याच वर्षी ६३५ धावा आणि ऑरेंज कॅप, वय फक्त २४. दुसऱ्या नंबरवर त्याचाच सलामीचा जोडीदार फाफ डु प्लेसी, ६३३ धावांवर. दोनच धावांचा फरक! २०२४ मध्ये धोनीनंतर चेन्नईचं कर्णधारपद आलं, आणि २०२५ साठी संघानं त्याला राखून ठेवलं ते १८ कोटींना.

स्टेडियम कुणाच्या नावाचं?

रायपूरचं हे मैदान शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं. सोनाखानचे हे जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी सावकाराचं धान्याचं कोठार उघडून भुकेल्यांना वाटलं, आणि १० डिसेंबर १८५७ ला इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिलं. क्रिकेटच्या मैदानाला याहून मोठं नाव मिळणं अवघड.

पहिला वनडे इथं झाला २१ जानेवारी २०२३ ला. न्यूझीलंड १०८ मध्ये गारद. त्या दिवशी नाणेफेक जिंकल्यावर काय घ्यायचं हेच रोहित शर्मा क्षणभर विसरला होता.

सचिन तेंडुलकरला तर हे मैदान भलतंच लाभलंय. माजी खेळाडूंच्या स्पर्धांत २०२१, २०२२ आणि २०२५ असे तीन करंडक त्यानं कर्णधार म्हणून इथंच उचलले. निवृत्तीनंतरचा सचिन पाहायचं भाग्य मुंबईइतकंच रायपूरला लाभलं म्हणा ना! एके काळी हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, रायपुरात मराठी घरं आजही आहेत. सचिन आला की त्या घरांना आपलं माणूस आल्याचा आनंद. आता त्यात ऋतुराजची भर पडली.

शतकानंतर काय?

संघाबाहेर! या मालिकेच्या आधी तो जवळपास दोन वर्षं आंतरराष्ट्रीय वनडेपासून लांब होता. विशाखापट्टणच्या पुढच्या सामन्यात त्याच्यावर फलंदाजीची वेळच आली नाही, आणि जानेवारी २०२६ च्या न्यूझीलंड मालिकेच्या संघात त्याचं नाव नव्हतं. श्रेयस अय्यर दुखापतीतून परतत होता, चौथा क्रमांक त्याचा. एक महाराष्ट्राचा, दुसरा मुंबईचा, दोघंही नामांकित फलंदाज, श्रेयसचा हक्कही खोटा नाही. तरी आपल्या जागेवर नसताना शतक ठोकणाऱ्याला पंधरांत ठेवायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

६ ऑक्टोबर

ऋतुराजच्या कारकिर्दीत ही तारीख पुन्हा पुन्हा येते. रणजी पदार्पण ६ ऑक्टोबर २०१६. वनडे पदार्पण लखनौला, ६ ऑक्टोबर २०२२, तेही दक्षिण आफ्रिकेविरुद्धच. त्या दिवशी मात्र ४२ चेंडूंत १९ अशी कूर्मगती होती. आणि ६ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊमध्ये एशियाडची उपांत्य फेरी, भारताचा कर्णधार ऋतुराज, बांगलादेशविरुद्ध नाबाद ४०, विजय ९ गडी राखून. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अफगाणिस्तान ५ बाद ११२ वर असताना पाऊस आला तो थांबलाच नाही. क्रमवारीत वर असल्यानं सुवर्ण भारताला मिळालं. पुरुष क्रिकेटमधलं एशियाडचं आपलं ते पहिलं सुवर्णपदक, आणि कर्णधार पुरंदरचा.