स्नेहभोजनातील वाटाण्याची थंड कोशिंबीर : काल, संस्कार आणि मात्रा यांचा विचार

हेमंत ऋतू सुरू झाला की नागपुरात स्नेहमेळावे, विवाहसमारंभ, हुरडा पार्ट्या आणि संघटनांच्या वार्षिक सभा यांची रेलचेल सुरू होते. रामदासपेठ आणि शेजारची धंतोली हा चिकित्सालये, रुग्णालये व औषधी दुकानांचा परिसर. येथील भोजनसमारंभांत वैद्यक व्यवसायातील मंडळी मोठ्या संख्येने असतात. अशा भोजनात हमखास आढळणारा एक पदार्थ म्हणजे हिरव्या वाटाण्याचे थंड, दाट, पांढऱ्या मिश्रणात घोळलेले सॅलड. त्यालाच बटाटा, गाजर आणि अननसाची जोड मिळाली की आचारी त्यास ‘रशियन सॅलड’ म्हणतात.

दिवसभर रुग्णांना पथ्यापथ्य सांगणारा वैद्य सायंकाळी याच पदार्थाची वाटी भरून घेतो. दुसऱ्या दिवशी आध्मान, अम्लोद्गार व जडपणा यांच्या तक्रारी घेऊन रुग्ण चिकित्सालयात येतात आणि औषधी दुकानांत हिंग्वाष्टक चूर्णाची मागणी वाढते. हा पदार्थ सर्वस्वी त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो कोणत्या काळी, कोणत्या संस्काराने आणि किती मात्रेत घ्यावा, हा विचार सुटला आहे. तो विचार पुन्हा जोडला, तर हाच पदार्थ आपल्या समारंभात निःशंकपणे वाढता येईल. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन व प्रत्यक्ष कृती देत आहोत.

हा पदार्थ आला कोठून ?

रशियन सॅलडचा उगम मॉस्को येथील ‘हर्मिटाज’ या उपाहारगृहात झाला. तेथील ल्युसियाँ ऑलिव्हिए या पाकतज्ज्ञाने १८६० च्या दशकात ते प्रथम सादर केले, म्हणून रशियात आजही ते ऑलिव्हिए याच नावाने ओळखले जाते. अमेरिकेत सामुदायिक भोजनांसाठी उकडलेला वाटाणा, मेयोनीज, चीज व कांदा यांचे थंड सॅलड करण्याची प्रथा आहे. दोन्ही देशांत हिवाळा कडक, आहारात मांस व स्निग्ध पदार्थ मुबलक आणि सॅलड ही त्यांची जोड. आपल्याकडे ते मैद्याच्या रोट्या, पनीर, तळलेले पदार्थ व आइसक्रीम यांच्या सोबतीस आले. देश बदलला, सात्म्य बदलले. कृती मात्र तीच राहिली.

वास्तविक या पदार्थाचे नाते आपल्या कोशिंबिरीशी आहे. दही, फेसलेली मोहरी, जिऱ्याची फोडणी आणि शिजवलेली किंवा कच्ची भाजी ही रचना महाराष्ट्रीय स्वयंपाकघरास नवी नाही. तेव्हा मेयोनीजच्या जागी चक्का येणे म्हणजे आपल्याच परंपरेकडे वळणे होय.

वाटाण्याचे गुणधर्म आणि एक गैरसमज

भावप्रकाशात कलाय, वर्तुल, सतीन ही वाटाण्याची नावे येतात. तो मधुर रसाचा व मधुर विपाकाचा, परंतु रूक्ष आणि वातल सांगितला आहे. ‘कलाय’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात सुश्रुतोक्त ‘कलायखंज’ व्याधी उभा राहतो आणि वाटाणा खाल्ल्याने पाय लुळे पडतील की काय, अशी शंका रुग्ण विचारतात. येथे भेद लक्षात घेतला पाहिजे. पंगुत्व आणणारे धान्य म्हणून भावप्रकाशात ‘त्रिपुट’ स्वतंत्रपणे वर्णिले आहे. ते म्हणजे आपल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागांत धानाच्या बांधीत घेतली जाणारी लाखोळी. तिच्यातील एका विषारी अमिनो आम्लामुळे, ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांचा लुळेपणा येतो. १९६१ साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद केली. पुढे हे विषद्रव्य अल्प असलेले रतन, प्रतीक यांसारखे वाण कृषिशास्त्रज्ञांनी विकसित केले. हिरव्या वाटाण्याचा या व्याधीशी संबंध नाही. रुग्णास हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

वाटाण्याचा खरा दोष म्हणजे वातप्रकोप. त्यावरचे उपाय शास्त्रानेच दिले आहेत. शाकांविषयी वाग्भटाचा सामान्य नियम असा की, ते उकडून, त्यांचे पाणी काढून टाकून, पुरेशा स्नेहाने युक्त केले म्हणजे फारसे दोषकर राहत नाहीत. हिरवा वाटाणा आपण भाजी म्हणूनच वापरतो, त्यामुळे हा नियम त्यास लावणे युक्तच आहे. आधुनिक आहारशास्त्राच्या दृष्टीने १०० ग्रॅम हिरव्या दाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने व चांगल्या प्रमाणात तंतू असतात. या गुणांचा लाभ हवा असेल, तर दाणा नीट शिजलेला असला पाहिजे. अर्धकच्चा, कडक दाणा हेच समारंभानंतरच्या पोटफुगीचे एक मोठे कारण होय.

दह्याचे नियम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात दधिसेवनाचे नियम आहेत. दही रात्री खाऊ नये, उष्ण करून खाऊ नये आणि तूप, साखर, मुगाचा यूष, मध किंवा आवळा यांच्याविना खाऊ नये. यांपैकी काहीतरी सोबत असावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ घेतला जातो. याच ग्रंथात सत्ताविसाव्या अध्यायात शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत दही बहुधा निंद्य मानले आहे. हेमंत व शिशिर यांत मात्र अग्नी बलवान असल्याने गुरू व स्निग्ध आहार पचू शकतो.

आता बाजाराकडे पाहावे. नागपूरच्या कळमना व कॉटन मार्केटमध्ये जबलपूरकडील ताजा, गोड वाटाणा येतो तो याच हेमंत-शिशिरात. आवळाही याच दिवसांत मुबलक असतो. म्हणजे दही चालण्याचा काळ, वाटाण्याचा हंगाम आणि दह्याचा दोष आवरणारा आवळा हे तिन्ही एकाच वेळी हाती येतात. मे महिन्याच्या लग्नात शीतगृहातील वाटाण्याचे तेच सॅलड वाढणे म्हणजे ही जुळून आलेली सांगड मोडणे होय.

मलई किंवा क्रीमच्या सॅलडबाबत एक वेगळी सूचना आहे. दुधासह सर्व अम्ल पदार्थ, तसेच कुळीथ, वाल, मटकी यांसारखी शिंबीधान्ये विरुद्ध सांगितली आहेत. वाटाण्याचे नाव त्या यादीत नसले तरी तोही शिंबीवर्गातीलच. ताज्या क्रीममध्ये लिंबू पिळून वाटाणा व अननस घालणे हा या नियमाचा सरळ भंग आहे. म्हणून दाटपणासाठी क्रीम नको, चांगल्या विरजलेल्या दह्याचा चक्का घ्यावा. अर्धवट लागलेले ‘मंदक’ दही त्रिदोषकर असल्याने तेही वर्ज्य.

५० जणांसाठी प्रमाण

प्रत्येकी सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, हे प्रमाण धरले आहे.

वाटाण्याच्या शेंगा – ४ किलो (दाणे सुमारे पावणेदोन किलो)
दही, ताजे व गोडसर – २ किलो (चक्का सुमारे ८०० ग्रॅम)
आवळा, किसून – १५० ग्रॅम
डाळिंबाचे दाणे – २०० ग्रॅम
आले, बारीक किसून – ४० ग्रॅम
गायीचे तूप – ६० ग्रॅम
जिरे – १५ ग्रॅम, हिंग – २ ग्रॅम
मोहरी, फेसलेली – १० ग्रॅम
मिरपूड – ५ ग्रॅम, पिंपळी चूर्ण – १ ग्रॅम
सैंधव – २५ ग्रॅम, खडीसाखर पूड – ३० ग्रॅम
कोथिंबीर व थोडा पुदिना

हिंग, जिरे, मिरी, पिंपळी, सैंधव आणि शुंठीच्या जागी आले असा हा योग पाहताच वाचकांच्या लक्षात येईल की, हिंग्वाष्टकातील बहुतेक द्रव्ये येथे आली आहेत. औषध दुसऱ्या दिवशी देण्याऐवजी संस्काररूपाने पदार्थातच घालणे अधिक श्रेयस्कर.

कृती

१. दही स्वच्छ फडक्यात पाच ते सहा तास टांगून चक्का करावा. समारंभ दुपारचा असल्यास हे काम आदल्या रात्री, शक्यतो थंड जागी करावे.

२. दाणे उकळत्या पाण्यात, भांडे उघडे ठेवून, सात-आठ मिनिटे शिजवावेत. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. रंगासाठी खाण्याचा सोडा घालू नये. त्याने दाणे गिळगिळीत होतात व थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. शिजवलेले पाणी टाकून द्यावे.

३. तुपात जिरे व हिंग यांची फोडणी करून ती *गरम दाण्यांवरच* ओतावी व चांगले हलवावे. तूप थंड चक्क्यावर ओतल्यास त्याच्या गुठळ्या होतात. गरम दाण्यावर मात्र त्याचा पातळ लेप बसतो आणि वाटाण्याची रूक्षताही कमी होते.

४. दाणे उथळ परातीत पसरून पूर्ण निववावेत व मग थंड ठेवावेत. गरम दाणे दह्यात कधीही मिसळू नयेत. उष्ण दह्याचा निषेध वर आलाच आहे, शिवाय त्याने मिश्रण पातळ होऊन लवकर आंबते.

५. चक्का घोटून त्यात आवळा, आले, मोहरी, मिरी, पिंपळी, सैंधव व खडीसाखर मिसळावी. लिंबाची गरज राहत नाही.

६. दाणे आणि चक्का वेगवेगळे ठेवावेत. वाढण्यापूर्वी अर्धा तास, लागेल तेवढेच एकत्र करावे. डाळिंब व कोथिंबीर शेवटी.

थंड किती असावे ?

आयुर्वेद उष्ण भोजनाचा पुरस्कार करतो, तर आधुनिक अन्नसुरक्षाशास्त्र सांगते की दुग्धजन्य थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवावेत; ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. या दोहोंत विरोध दिसतो, पण तो साठवण आणि सेवन यांतील भेद लक्षात घेतला की मिटतो. साठवण शीतपेटीत करावी. वाढताना एका वेळी १५ ते २० जणांपुरतेच बाहेर काढावे, म्हणजे पानात येईतो त्याचा बर्फासारखा गारठा जातो. बाहेर काढलेले दोन तासांत संपवावे. उरलेले पुन्हा शीतपेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी वाढू नये. सोबत गरम मुगाचे कढण अवश्य असावे. दह्यासोबत सांगितलेला मुद्गयूष तोच.

कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमधील धोका ओळखून तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर एक वर्षाची बंदी घातली होती. केटररकडून सॅलड घेणाऱ्यांनी त्यात काय वापरले आहे, ते विचारून घ्यावे. तसेच वाळलेले वाटाणे भिजवून, कृत्रिम हिरवा रंग देऊन ‘ताजे’ म्हणून विकले जातात. थोडे दाणे पाण्याच्या पेल्यात अर्धा तास ठेवावेत. पाण्यात हिरवा रंग उतरला तर ते नाकारावेत.

रात्रीचा समारंभ असेल तर

व्यावसायिक मंडळींचे बहुतेक कार्यक्रम रात्रीच होतात, ही वस्तुस्थिती आहे. त्या वेळी चक्क्याऐवजी तिळाचा उपयोग करावा. ३०० ग्रॅम पांढरे तीळ मंद भाजून, सुमारे ४०० मिलिलीटर पाणी घालून गुळगुळीत वाटावेत व त्यात लिंबाचा रस घालावा. अरब देशांत तिळाचे असे वाटण ‘ताहिनी’ नावाने नित्य वापरात आहे. हे मिश्रण मलईसारखे दाट होते. तीळ उष्ण व वातशामक असल्याने हेमंतास अनुरूप आहेत. मात्र पित्तप्रकृतीने व अम्लपित्ताच्या रुग्णाने बेताने घ्यावे.

कोणी टाळावे ?

प्रतिश्याय, कास, शोथ, आमवात, रक्तपित्त आणि त्वचाविकार असलेल्यांनी दह्याची कोशिंबीर टाळावी. त्यांच्यासाठी तूप-जिऱ्याची फोडणी दिलेले थोडे गरम दाणे बाजूला काढून ठेवणे अवघड नाही. मधुमेही रुग्णांसाठी खडीसाखर वगळावी. औषधी दुकानदारांना ग्राहक बहुधा पाचक चूर्णच मागतात. ते देताना ‘काल रात्री दही खाल्ले होते का?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी पुढील वेळचे दुखणे टळू शकते.

शेवटचा मुद्दा मात्रेचा. पूर्वीच्या पंगतीत कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूस, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी वाढली जाई. तिची जागाच तिची मात्रा सांगत असे. बुफे पद्धतीत ही जागा गेली आणि कोशिंबिरीची वाटी झाली. म्हणून आमची सूचना आहे की, येत्या हिवाळ्यातील आपल्या संघटनेचे किमान एक स्नेहभोजन दुपारी ठेवावे, ही कोशिंबीर मोठ्या पात्राऐवजी दोन चमच्यांच्या लहान द्रोणांतून वाढावी आणि शेजारी घटकद्रव्ये व वर्ज्य व्याधी लिहिलेला फलक ठेवावा. आपल्या पंक्तीस येणारे पाहुणे आपल्या व्याख्यानापेक्षा आपले पान अधिक बारकाईने पाहतात. त्या पानावर शास्त्र दिसले, तर चिकित्सालयात दिलेला पथ्याचा सल्लाही ते मनावर घेतील.