वाडीतले शिक्षण: वसई-विरारमधील झाड आणि पाण्याच्या विद्येचा मागोवा

बाग उभारून ती जगवण्याच्या व्यवसायाला तीन गोष्टींचे ज्ञान लागते: जागेला साजेल आणि सोसेल असे झाड निवडणे, त्याची निगा राखणे आणि त्याला नेमके पाणी देणे. आज या तिन्ही विषयांचे अभ्यासक्रम निघाले आहेत व त्यांची प्रमाणपत्रेही मिळतात. वसई-विरारच्या पश्चिम किनारपट्टीत मात्र हेच विषय कोणत्याही वर्गाविना वाडीत, म्हणजे घर, विहीर आणि झाडे एकाच कुंपणात सामावणाऱ्या बागायतीत, पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. गेल्या दीडशे वर्षांतील त्या शिक्षणाची वाटचाल पाहिली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वाडीने पाणी आधी आणि झाड नंतर शिकवले. पुढच्या काळातील शिक्षणाने हा क्रम उलटा केला आणि त्याची किंमत या भागाने मोजली.

या किनाऱ्यावरील बागायतीची परंपरा जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांतील, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, येथील रामतीर्थासह इतर ठिकाणच्या चरक संन्याशांच्या संघांना नानंगोल गावातील ३२,००० नारळीची झाडे दान दिल्याची नोंद आहे. इतकी झाडे लावणारा आणि राखणारा वर्ग इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत या किनाऱ्यावर होता, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते.

ही बागायत ज्या पाण्यावर उभी राहिली त्याचे स्वरूप समजल्याखेरीज येथील कौशल्याचे मोल कळत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो रेताड जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलका असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत राहतो. घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते. याचाच अर्थ वरची पातळी थोडी जरी खाली गेली तरी खालचे खारे पाणी कितीतरी पटींनी वर सरकते. वसईकरांनी हे गणित मांडले नव्हते, पण बावखले खोदताना त्यांनी ते पाळले होते. बावखल म्हणजे वाडीच्या परिसरात खोदलेले उथळ, पसरट तळे. ते पावसाचे पाणी साठवते, ते जमिनीत मुरवते आणि आसपासच्या विहिरींचे पाणी गोडे ठेवते.

विहिरीतील पाणी रहाटाने वर येई. चाकावरच्या माळेला बांधलेली गाडगी एकामागून एक भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत आणि रेडा किंवा बैल संथपणे फेरे घेत राही. उपसा असा मंद असल्यामुळे विहिरीत झऱ्याचे पाणी भरायला अवसर मिळे आणि खालचे खारे पाणी वर ओढले जात नसे. खरे शिक्षण याच जागी होत असे. साधारणपणे पोराच्या वाट्याला पहिले काम येई ते जनावर हाकण्याचे. मग पाणी धरण्याचे, म्हणजे हातात कुदळ घेऊन पाटाच्या मातीचा बांध एका ठिकाणी फोडायचा, अळे भरत आले की तो पुन्हा लिंपायचा आणि पाणी पुढच्या अळ्याकडे वळवायचे. रेतीत पाणी किती वेगाने जिरते, केळीच्या पानाची कड करपू लागली तर त्यामागे पाण्याची कमतरता आहे की खारेपणा, हे सारे तो कुदळीच्या टोकाशी शिकत असे. केळीचा कोणता मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, राखायचा आणि कोणता कापायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यानंतर कधीतरी त्याच्याकडे येई.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली आणि वाडीचा माल शहराच्या जवळ आला. झाडांच्या निवडीवर त्याचा परिणाम झाला. पाने, फुले, केळी आणि भाजी यांना रोजची गिऱ्हाइकी मिळाली. पुढे वसईचा सोनचाफा दादरच्या फुलबाजारात ओळखीचा झाला. मात्र निवडीचे मूळ तत्त्व तेच राहिले, कारण प्रत्येक झाडाची जागा दुसऱ्या झाडाच्या आणि कुटुंबाच्या गरजेवरून ठरत होती. पानवेलीला सावली आणि ओलावा हवा म्हणून केळीचा आडोसा, वाऱ्याकडच्या बाजूला खारा वारा सोसणारी उंडी किंवा भेंड, आणि उन्हात वाळवून सुकेळी करायची म्हणून राजेळी केळीची लागवड, अशी ती रचना होती.

औपचारिक शिक्षण याच सुमारापासून दुसरीकडे आकार घेऊ लागले. मुंबईत १८६२ मध्ये राणीची बाग खुली झाली, पुण्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कृषी महाविद्यालय निघाले, १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवरून शेतकऱ्यांपर्यंत शेतीचे शिक्षण पोहोचू लागले. या संस्थांनी नारळ, आंबा, भात यांविषयी मोलाचे काम केले. शहरी उद्यानाचा व्यवसाय मात्र हिरवळ, फुलांचे वाफे आणि शोभिवंत झाडे या वसाहतकालीन वळणावरच, म्हणजे झाड आधी आणि पाणी नंतर या क्रमानेच, बराच काळ चालत राहिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रहाटाची जागा इंजिनाने आणि विजेच्या पंपाने घेतली. श्रम वाचले, हे निःसंशय हिताचे झाले. पण उपशाला असलेला नैसर्गिक लगामही सुटला. त्यातच वाढत्या वस्तीसाठी वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले आणि अनेक ठिकाणी विहिरी खाऱ्या झाल्या. १९९० मध्ये सिडको या सरकारी नगरनियोजन संस्थेकडे या भागाच्या नियोजनाचे अधिकार आले, त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. या चळवळीला केवळ हिरवाईच्या सौंदर्याचा आग्रह मानणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे आहे, कारण ती मुख्यतः पाण्याची आणि त्यावर जगणाऱ्या विद्येची चळवळ होती.

२००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली आणि गृहसंकुलांच्या आवारातील बागांमुळे माळीकाम हा मोठा रोजगार बनला. या बागांत सर्रास दिसते ती रोज पाणी मागणारी हिरवळ आणि तिच्या कडेने कुठेही चालणारी शोभेची झुडपे. ठिबक सिंचनाने, म्हणजे नळीतून थेंबाथेंबाने मुळाशी पाणी देण्याच्या पद्धतीने, यावर तोडगा निघतो. परंतु रेताड जमिनीत थेंबाचे पाणी आडवे न पसरता सरळ खाली जाते, म्हणून येथे तोट्या जवळजवळ लावाव्या लागतात आणि पाणी थोडे थोडे, पण अनेकदा द्यावे लागते. पाण्याचा खारेपणा त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. ती प्रति मीटर ०.७ डेसिसायमनच्या आत असेल तर पाणी निर्धोक आणि ३ च्या वर गेली तर सिंचनासाठी त्याच्या वापरावर कडक मर्यादा, हा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा दंडक आहे. वाडीतील जाणता माणूस तेच पाणी चाखून आणि पान पाहून सांगतो. येथे माळी घडवायचा असेल, तर मापक आणि अनुभव ही दोन्ही साधने त्याच्या हाती असायला हवीत.

वाड्या आणि बावखले अजून उरलेली आहेत आणि पाट धरलेले हातही आहेत. महानगरपालिकेने आणि कृषी विद्यापीठाने त्यांतील काही वाड्यांना मालकांच्या संमतीने व योग्य मोबदला देऊन प्रशिक्षणाच्या जागा म्हणून मान्यता द्यावी, वाडीतील जुन्या बागायतदारांना तेथे शिक्षकाचा दर्जा द्यावा आणि उद्यानाचे काम घेणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने एक उन्हाळा तेथे पाणी धरण्यात घालवावा, अशी तरतूद आताच करणे आवश्यक आहे.